जाऊबाईंचं खुराडं

कुठल्याही नव्या जागी गेल्या की काकू आधी तर्जनी जिभेला लावायच्या आणि ते ओलं बोट हवेत उभं धरायच्या. वारा कुठून येतोय ते पाहायला. बसमध्ये, बँकेत, एकदा तर आउसलेंडरआम्टमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, व्हिसाच्या रांगेत. काउंटरपलीकडच्या माणसाला वाटलं, बाईंना काहीतरी विचारायचंय. तो "बिट्टं?" म्हणाला. काकूंनी त्याला शुद्ध मराठीत सांगितलं, "काही नाही हो, जरा खिडकी उघडा. इथे कोंबडी जगायची नाही."

हे जर्मनमध्ये सांगायची वेळ माझ्यावर आली नाही, कारण तेवढ्यात मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले होते.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, जी राहतात एका देशात आणि काळजी करतात दुसऱ्याच देशाच्या हवेची. काका पंपांचे इंजिनिअर. जर्मनीत, आखनच्या एका कंपनीत दोन-तीन वर्षांच्या कामावर आले होते, पण त्याआधीचं त्यांचं आयुष्य ओमानच्या वाळवंटात, तेलाच्या वसाहतीत गेलं होतं. मी शिकायला आले तेव्हा त्यांच्याच वरच्या पोटमाळ्यात मला खोली मिळाली. तळमजल्यावर घरमालक, एक विधुर आजोबा. मधे काकू-काका. आणि वर मी, शक्यतो जिन्यात कोणी नसताना ये-जा करणारी.

पहिल्याच दिवशी काकूंनी मला जिन्यात गाठलं. शाळा कुठली विचारलं. इंग्लिश मीडियम म्हटल्यावर माझं नाव विचारायचीही तसदी घेतली नाही. "ए मीडियम, वर ये. पोहे केलेत."

माझं नाव त्यांना पुढेही लागलं नाही.

मालकांच्या चार कोंबड्या होत्या. मागच्या बागेत त्यांनी स्वतःच्या हाताने जाड फळ्यांचं खुराडं बांधलं होतं. चारी बाजूंनी बंद, आतून फोम लावलेलं, छोटंसं दार, वर कौलं. काकू त्याला 'कोंबड्यांची बँक' म्हणायच्या. पण कोंबड्यांवर त्यांचा जीव जडला, आणि आठवड्याभरात त्यांनी चौघींची नावं ठेवली. थोरल्या जाऊबाई, मधल्या जाऊबाई, धाकट्या जाऊबाई आणि नणंदबाई.

"काकू, कोंबड्यांना असं म्हणतात?"

"का नाही? खऱ्या चौघींनी माझं आयुष्यात कधी ऐकलं नाही. या ऐकतात." मग कुंपणाशी वाकून, "अहो थोरल्या, सगळं तुम्हीच खाणार का? धाकटीला येऊ द्या जरा."

काकू स्वतः अंडं खात नसत. अंडी दोन बोटांत धरून, तोंड जरा बाजूला करून टोपलीत ठेवायच्या. मी एकदा विचारलं, खात नाही तर पाळायच्या कशाला? म्हणाल्या, "वाळवंटात शेजारी तरी कुठे होते? दुपारी बोलायला कुणीतरी हवं की नको?"

त्या वाळवंटातल्या कोंबड्यांबद्दल मी इतकं ऐकलंय की मला आजही तिथे एक खुराडं चालवता येईल. ते पाण्याच्या उंच टाकीच्या सावलीत बांधायचं, म्हणजे टाकी पाझरते तो ओलावाही मिळतो. छपराला खजुराच्या झावळ्या, पत्रा कधीच नाही. भिंती नाहीतच, नुसती जाळी. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट ओलं करून लटकवायचं. दाणे पहाटे आणि दिवस कलल्यावर, मधे काही नाही, कारण पचवताना अंग तापतं. मका तर उन्हाळ्यात घरातच आणायचा नाही. पाण्याची भांडी सावलीत ठेवायची आणि दुपारभर बदलत राहायची, कारण कोमट पाण्याला कोंबडी चोच लावत नाही. परातीत पाणी घालून मधे वीट ठेवायची, म्हणजे त्यांना पाय बुडवून उभं राहता येतं. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते, आणि एवढ्यावर तिला दिवस काढायचा असतो.

"सांगता येत नाही ना बिचारीला," काकू म्हणायच्या. "चोच उघडली की समजायचं, हाक मारतेय."

हे सगळं त्या मला आखनच्या पावसात, स्वेटर घालून सांगायच्या. मी मान डोलवायचे.

मग आला दोन हजार तीनचा उन्हाळा.

जुलैत आजोबा चेरी काढताना शिडीवरून पडले आणि खुबा मोडला. ऑपरेशन, मग व्यायामाचं रुग्णालय, म्हणजे दोनेक महिने तरी घर नाही. त्यांचा मुलगा ड्युसेलडॉर्फहून आला. सभ्य माणूस, इस्त्रीचा शर्ट, घड्याळाकडे सारखं लक्ष. मला इंग्रजीत म्हणाला, वडिलांनी आता वृद्धाश्रमात जावं हे बरं, पण ते कोंबड्यांचं कारण सांगून अडून बसलेत. कोंबड्या एका शेतकऱ्याला द्यायचं त्याने ठरवलं होतं.

मी मराठीत सांगितलं. काकूंनी कुंपणाशी जाऊन चौघी मोजल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आधी कोंबड्या न्यायच्या आणि मग बाप. सांग त्याला, मी सांभाळते."

हो-ना करता करता मुलाने एक अट घातली. चौघी जगल्या तर वडील घरी येतील तेव्हा बघू. पण एक जरी मेली, तरी उरलेल्या तो त्याच दिवशी घेऊन जाणार. कडक उन्हात मेलेल्या कोंबड्या त्याला घरामागे नको होत्या. जाताना त्याने सूचनाही दिली. ऊन वाढलं तर खुराड्याचं दार दिवसभर बंद ठेवा, आपण घराच्या खिडक्या ठेवतो तसं.

"या!" काकू जर्मनमध्ये 'हो' म्हणाल्या. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "मालकांची करवत कुठे असते गं?"

"काकू, का?"

"फळी धर."

सुट्टीचा दिवस नव्हता, काका कामावर होते. मी फळी धरली. मालकांनी वर्षानुवर्षं रंग देऊन जपलेल्या खुराड्याच्या दोन भिंती काकूंनी दुपारच्या आत कापून काढल्या आणि तिथे जाळी ठोकली. कापलेल्या फळ्यांचा मांडव करून त्याखाली माझा कपडे धुवायचा टब आणि पाण्याची परात ठेवली. घामाने त्यांचं कुंकू नाकापर्यंत उतरलं होतं. मी म्हटलं, आजोबा रागावतील. त्या करवत पुसत म्हणाल्या, "रागवायला घरी तर येऊ देत."

मग थांबून, जरा वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "पहिल्या उन्हाळ्यात मीही दार लावून घेतलं होतं. बाहेर झळा, म्हणून. कोंबडी स्वतःच शेगडी असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी दार उघडलं तर एकही उठली नाही." मी खिळे गोळा केले.

ऑगस्टमध्ये आखन तापलं. तुम्ही म्हणाल, आम्हा पुण्याच्या लोकांना उन्हाचं काय कौतुक? पण या घरांना पंखे नसतात. पोटमाळ्यात मी बर्फाच्या पिशवीवर डोकं ठेवून अभ्यास करत होते. खाली जाऊबाई मात्र गोठवलेलं कलिंगड खात होत्या. त्यांना वर ताकही मिळे. काका एकदा फ्रिज उघडून म्हणाले, "अगं, माझं ताक?" आतून उत्तर आलं, "मधल्या जाऊबाईंना दिलं. तुम्ही पाणी प्या."

गोणपाट इथे कुठलं मिळायला? काकूंनी आपल्या सुती साड्या काढल्या. पाचवारी साडी खुराड्याभोवती दोरीवर पसरायची आणि झारीने ओली करायची. एक निळी इरकल होती, एक हिरवी. बाग अशी दिसायची की कुणाच्या घरी लग्न आहे.

आणि तो रविवार. ऊन इतकं की बागेतले पक्षीही गप्प होते. कुंपणापलीकडून शेजारीणबाई प्रकट झाल्या. वयाने साठीच्या, नियमाने त्याहून जुन्या. त्यांनी हिरव्या साडीकडे बोट दाखवलं. रविवारी बागेत कपडे वाळत घालायचे नसतात. हा विश्रांतीचा दिवस आहे. हाउसऑर्डनुंग, म्हणजे घराची नियमावली, जिन्यात लावलेली आहे, वाचता येत असेल तर.

मी तोंडातल्या तोंडात भाषांतर केलं आणि काकूंनी माफी मागावी म्हणून त्यांच्याकडे केविलवाणं पाहिलं.

काकूंनी झारी उचलली आणि साडीवर आणखी पाणी ओतलं. "तिला म्हणावं, आम्ही वाळवत नाही आहोत. ओलं करतोय."

"काकू, प्लीज."

"अगं सांग की! नियमात ओलं करायला बंदी आहे का, ते विचार."

मी सांगितलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठ्याने बोललेलं जर्मन वाक्य असेल. शेजारीणबाईंनी साडीकडे पाहिलं. साडीतून पाणी टपकत होतं, वाळण्याची काहीही चिन्हं नव्हती. त्यांच्या कपाळावर नियमावलीची पानं उलटताना मला जवळजवळ दिसत होती. "आल्झो," त्या म्हणाल्या, आपण 'अस्सं' म्हणतो तसं. झारीकडे पाहिलं. मग "गेनाऊ", म्हणजे बरोबर, म्हणाल्या आणि आत गेल्या.

"बघ," काकू म्हणाल्या. "कायद्याची माणसं आहेत. कायद्यानेच बोलावं."

आम्ही हसत होतो आणि तेवढ्यात नणंदबाई पडल्या.

त्या मांडवाबाहेर, उन्हात गेल्या होत्या कशासाठी तरी. चोच उघडी, मान एका बाजूला, तुऱ्याचा रंग उडालेला. काकूंनी झारी टाकली आणि धावल्या. कोंबडी उचलून टबमध्ये मानेपर्यंत बुडवली, तळहातावर तिचं डोकं धरलं. मी बर्फ आणायला निघाले तर ओरडल्या, "बर्फ नको! धक्क्याने मरेल. नळाचं आण."

आणि फाटकाशी गाडी थांबली. मुलगा. तो अधूनमधून पाहून जायचा, पण आज गाडीच्या मागच्या सीटवर रिकामी खोकी होती. ती मला इथूनही दिसली.

तो बागेत आला. ओल्या साड्या, कापलेल्या भिंती, टबमध्ये कोंबडी. "मेली?" त्याने मला इंग्रजीत विचारलं.

काकूंना तो शब्द कळला असावा. मान वर न करता म्हणाल्या, "झोपलीय म्हणावं."

"झोपलीय," मी म्हणाले.

"पाण्यात?"

"हो," मी म्हणाले. "उकडतंय ना."

तो उभाच राहिला. मीही. काकू हळूहळू तिच्या पाठीवर पाणी घालत होत्या आणि पुटपुटत होत्या, "वन्सं, एवढं एक ऐका. जन्मात एकदा ऐका. मग हवं ते बोला मला." नणंदबाईंच्या डोळ्यावर पांढरा पडदा ओढलेला होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मुलाच्या शर्टाची इस्त्री मोडली तेवढा.

मग पडदा सरकला. नणंदबाईंनी काकूंच्या हाताकडे पाहिलं आणि बांगडीवर कडकडून चोच मारली.

"आली शुद्धीवर," काकू म्हणाल्या, आणि पदराने चेहरा पुसला. घाम पुसतात तसा, पण डोळे आधी.

मुलाने खोकी गाडीतून काढली नाहीत. काकूंनी त्याला स्टूल दिलं, खुणेने बूट-मोजे काढायला लावले आणि परातीत पाय ठेवायला सांगितलं. थोरल्या जाऊबाई शेजारीच उभ्या होत्या. एक पाय त्यांचा, एक याचा, अशी दोघं उभी-बसलेली, आणि समोर कलिंगड. जाताना तो म्हणाला, वडिलांना सांगेन की चारही बऱ्या आहेत.

सप्टेंबर सरताना आजोबा कुबड्यांवर घरी आले. जिना नाही, घर नाही, सरळ बागेत. चार बोटं मोडून कोंबड्या मोजल्या. मग भिंती मोजल्या. त्या दोनच भरल्या.

ते जे बोलले त्यातलं निम्मं मला आजही लिहिता येणार नाही. आखनच्या बोलीत होतं. काकूंनी मला कोपराने ढोसलं. "काय म्हणतायत?"

"आभार मानतायत."

"खोटारडी! कान लाल झालेत त्यांचे."

आणि पंधरा दिवसांनी, पहिलं दव गोठलेल्या सकाळी, काकू माझ्या दारावर धडका मारत वर आल्या. अंगावर शाल, चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य. "मीडियम! इथे थंडी पडते गं!" दोन वर्षं त्या याच गावात स्वेटर घालून राहत होत्या. पण खुराड्याचा विचार करताना त्यांच्या डोक्यात कायम ओमानच होतं. रात्रभर जाऊबाई जाळीमागे एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

आजोबा खाली आधीच फळ्या मांडून उभे होते. दुपारभर काम चाललं. ते कुबडी रोखून जर्मनमध्ये हुकूम सोडत आणि काकू मराठीत सांगत की ते चुकतायत. "अहो, ती उलटी आहे, उलटी!" "नाइन, नाइन!" म्हणजे नाही, नाही. मी भाषांतराला उभी होते, पण माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. संध्याकाळी भिंती पुन्हा बसल्या. फक्त आजोबांनी आता त्यांना बिजागऱ्या लावल्या होत्या. उन्हाळ्यात उघडायच्या, थंडीत लावायच्या. ही युक्ती कोणाची, यावर दोघांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

नाताळाआधी काकांचं काम संपलं आणि ते पुण्याला परतले. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. गॅलरीत कबुतरं येतात, म्हणून काकू त्यांच्यावर चिडायच्या. सुरुवातीला त्यांचे फोन येत. आवाज कायम भांडणाचा, मजकूर कायम मायेचा. कोंबड्यांचं विचारून झालं की माझ्या जेवणाचं, आणि मी "ओके" म्हटलं की "मराठीत सांग."

पुढच्या जूनमध्ये एकदा आला तो त्यांचा शेवटचा फोन ठरला, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आवाज थकलेला होता. त्या दिवशी त्यांनी कोंबड्यांचं विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "म्हातारबुवा घरीच आहेत ना गं?"

मी पोटमाळ्याची खिडकी उघडली. खाली आजोबा बागेत होते, कुबडी झाडाला टेकवलेली, आणि कुठल्याशा कोंबडीवर घसा फुटेस्तोवर ओरडत होते. मी हात लांब करून मोबाइल खिडकीबाहेर धरला.

बराच वेळ धरला. मग कानाला लावला, तर काकू हसत होत्या.

"बरे आहेत," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.