तेल चोळ म्हणे डॉक्टर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. कमलला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

कमल माझी बायको. मी पोंभुर्ण्याजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेचा मास्तर. गडचिरोली जिल्हा नुकताच चंद्रपूरपासून वेगळा झाला होता, ते दिवस. घरची थोडी धानाची शेती. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत कमल सकाळपासून बांधीतल्या, धानाच्या खाचरातल्या, चिखलात वाकून उभी असायची. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या पायांच्या शिरा फुगल्या — निळ्या, गाठीगाठीच्या, पोटरीला दावं गुंडाळावं तशा. संध्याकाळी घोटे सुजायचे. ती बोलायची नाही. पण चुलीपुढे बसून पोटरी दाबत राहायची, आणि ते मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं कोणत्या तोंडाने म्हणू?

तिला चंद्रपूरला नेलं. डॉक्टरांनी पाय तपासले, पट्टी बांधून घ्यायला तिला नर्सबरोबर आत पाठवलं आणि मला समोर बसवून नीट समजावलं. दुपारी आणि संध्याकाळी थोडा वेळ आडवं पडायचं, पाय छातीपेक्षा उंच. खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवायच्या. एका जागी फार वेळ उभं राहायचं नाही. राहावंच लागलं तर टाचा वर-खाली करायच्या. रोज चालायचं. एवढंच. फुकटचं औषध!

एसटीत कमलने विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?"

मी म्हणालो — तेल चोळ म्हणे, आणि पट्टी बांध.

का म्हणालो? भर दुपारी, सासूसमोर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर घरची सून पाय वर करून पडली आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला लाज वाटली. लोक म्हणतील, मास्तर बायकोच्या मुठीत आहे. आणि मी कोण? बुद्धविहारात उभा राहून स्त्री-पुरुष समतेवर टाळ्या घेणारा! तीन पावसाळे मी तोंड शिवून बसलो. घोट्याजवळ तिची कातडी काळवंडली, मग तिथे जखम झाली, चिघळली. मी काय केलं? तेलाची नवी बाटली आणून दिली.

आता पुढचं ऐका. पुढचं माझं नाही, तिचं आहे, आणि ते सांगताना आजही माझा ऊर भरून येतो.

तिसऱ्या रोवणीत एका दुपारी ती बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या उंच बांधावर, पाय टाकून, डोकं खाली करून झोपली. थकली होती, दुसरं काय. उठली तर पाय हलके! दुसऱ्या दिवशी मुद्दाम तसंच केलं. मग तिच्या लक्षात आलं, उभं राहिलं की दुखतं आणि चाललं की उतरतं; उभ्याउभ्या नुसत्या टाचा उचलल्या तरी उतरतं. चौथी शिकलेली बाई — पण आपल्या पायांचा अभ्यास तिने असा केला की मी मास्तर असून तोंडात बोट घालावं. आठवड्याभरात ओसरीवरच्या खाटेखाली पायथ्याकडून दोन-दोन विटा गेल्या, आणि कमल सगळ्या गल्लीसमोर पाय वर करून पडली. माझी आई खवळली, "सून व्हय का पाटलीण?"

"बाई, पाय माहे आहेत," कमल पडल्यापडल्याच म्हणाली. "दुखतेत बी मलेच."

महिन्याभराने त्याच खाटेवर आई पाय वर करून घोरताना मी पाहिली, खोटं नाही सांगत. कमल जखम रोज धुवायची, सकाळी उठल्याउठल्या पट्टी बांधायची. दिवाळीपर्यंत जखम भरली. पुढच्या रोवणीत तिच्या सोबतच्या बाया दर थोड्या वेळाने धुऱ्यावर रांगेने उभ्या राहून टाचा उचलायच्या. पुरुष हसले. हसू द्या — संध्याकाळी त्यांच्याच बायका कंबरेवर हात ठेवून विव्हळायच्या, आणि कमलच्या बाया गाणी म्हणत घरी यायच्या!

मग शेजारची सुमित्रा त्याच डॉक्टरांकडे जाऊन आली. तिचेही पाय तसेच. धावतच अंगणात शिरली.

"कमल, तो डॉक्टर तं तुयंच बोलून राह्यला वो! पाय वर कर, टाचा उचल — समदं तुयंच!"

अंगणात पाच-सहा बाया होत्या. कमलचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मग ती थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग मले काऊन नाई सांगतलं त्यानं?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "तवा त्याले माहीत नसन."

"म्हंजे म्या डॉक्टरच्या आधी शोधलं!" कमलने टाळी वाजवली. बाया हसल्या, ती सगळ्यांत मोठ्याने हसली. मीही हसलो.

तिचा आनंद मोडू नये म्हणून गप्प राहिलो, असं मी पुष्कळ वर्षं मनाशी घोकलं. तेही खोटं. मी घाबरलो होतो.

डॉक्टरांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. तीन पावसाळे ती माझ्या डोळ्यांदेखत चिखलात उभी होती.