उपडी पाटी

सीताफळं विकून झाली की पारध्यांच्या पालावरची सोनाबाई फाटकाबाहेर पडताना पाटी उपडी करून दाखवते, पदरही झटकते. तिला तसं कुणी सांगितलेलं नाही.

"सोनाबाई, कशाला हे?" आज मी म्हटलंच.

"असू द्या ताई. मागनं कुणाचं काय गेलं, तर पोलीस आधी पालावरच येत्यात."

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंचा भाचा मंगळसूत्र ओढताना सापडला, तेव्हा सगळी गल्ली हळहळली, "वाईट संगत लागली हो पोराला!" सोनाबाईच्या माणसांना मात्र वाईट संगत कधी लागत नाही, त्यांची म्हणे जातच तशी. हे बदलेल, असं मला पूर्वी वाटायचं.

ती कोपऱ्यावर वळली. आत जाता जाता मी अंगणातल्या नळाची पितळी तोटी जागेवर आहे ना, ते पाहिलं.