खोपट ते मानपाडा

लोक काशीला जातात, काश्मीरला जातात आणि वर्णनं लिहितात. माझा हा प्रवास एस.टी.चा, खोपटच्या आगारातून डोंबिवलीच्या मानपाड्यापर्यंत. नव्वदच्या आसपासची गोष्ट. नौपाड्यातल्या आमच्या दारी मासळी घेऊन येणारी हिरा कोळीण एक दिवस पाटी उतरवून म्हणाली, “वैनी, डाक्टराचा बोलना मना (मला) कलत नाय. तुमी चला संगती.” तिच्या नऊ वर्षांच्या जयाचे ओठ आणि नखं वर्षभरात निळी पडत चालली होती. मानपाड्याच्या एका दवाखान्यात मुलांच्या हृदयाचे मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा येत. ऑपरेशन होईल का, एवढंच विचारायचं होतं.

रेल्वेचा पूल जयाला चढवत नव्हता, म्हणून एस.टी. कळव्याच्या पुलावर जया खिडकीला नाक लावून बसली. खाडीतली एकेक होडी कुणाची ते मला सांगत होती. माझ्या अज्ञानाची तिला मोठी गंमत वाटत होती. “काकू, तुमाला कायच येत नाय!”

मुंब्र्याच्या पुढे गाडी पंक्चर झाली. सगळे उतरून सावलीला गेलो. झाड अगदी जवळ होतं, तरी जया मध्येच खाली बसली. हिरा शेजारी उभी राहिली, घाई केली नाही. मग झाडाखाली तिने डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. इतकी चविष्ट चटणी मी आमच्या घरी कधी खाल्ली नाही, आणि आम्ही स्वतःला मासे खाणारे म्हणवतो.

दवाखान्यात हृदयाची सोनोग्राफी झाली. सिस्टरने जयाला बाहेर बसवलं आणि आम्हाला आत बोलावलं. डॉक्टर वयस्कर, हळू बोलणारे.

“लहानपणी हिला धाप लागायची? दूध पिताना घाम यायचा?”

“लय,” हिरा म्हणाली. “तवा आमचा डाक्टर बोललेला, मोठ्या हास्पिटलान न्या. आमी देवीला नवस बोललो. दोन वरसांची झाली, न् धाप गेली, घाम गेला, अंग धरला पोरीनं. नवस फेडला आमी.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बाई, तेव्हा ती बरी झाली नव्हती. हृदयातल्या पडद्याला भोक आहे. त्यातून येणारं जास्तीचं रक्त सोसून सोसून फुफ्फुसांच्या नसा कडक झाल्या, ते रक्त तिकडे जाईनासं झालं, म्हणून धाप थांबली. आता अशुद्ध रक्तच भोकातून उलटं अंगात जातं, म्हणून ती निळी पडते. भोक बुजवायचं ते त्याआधी. आता बुजवलं तर ती वाचणार नाही.”

मी विचारलं, दुसरा काहीच उपाय नाही? परदेशात हृदय आणि फुफ्फुसं दोन्ही बदलतात, ते म्हणाले, आपल्याकडे अजून नाही. जपलं तर काही वर्षं जातील. डॉक्टरांचं बोलणं समजावून द्यायला मी गेले होते. हिराला यातलं काहीच समजावून द्यावं लागलं नाही.

ऑपरेशन करायचं नाही, एवढंच आम्ही जयाला सांगितलं. परतीच्या गाडीत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. हिरा बाहेर बघत म्हणाली, “धाप गेली त्या वरसाला अख्ख्या पाड्याला जेवन घातला मी, वैनी. नवी लुगडी घेतली, नाचलो.” मला रडू आवरेना. ती रडली नाही, तिने फक्त जयाचे पाय पदराखाली घेतले.

खोपटहून रिक्षा करून त्यांना कोळीवाड्यात सोडायला गेले. जया उतरल्या उतरल्या ओरडली, “आजी, माजा आपरेशन नाय करायचा!” पोरीला सुईचीसुद्धा भीती, तिचा चेहरा नुसता फुलला होता. म्हातारी जाळं विणायचं सोडून उठून आली. तिने नातीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि सुनेला विचारलं, “मंग बरी झाली पोर?”

हिराने माझ्याकडे पाहिलं, मग जयाकडे.

“झाली, आये,” ती म्हणाली.

नौपाडा तिथून फार लांब नाही. चालत निघाले. एवढ्याशा प्रवासात मी जे पाहून आले, ते घरी कुणाला कसं सांगावं हे मला दारापर्यंत सुचलं नाही. दार उघडताच सगळ्यांनी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? आणि मी पायरीवरच बसून रडले.