ज्योतीचं उत्तर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, पोहणं शिकवणाऱ्या सरांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेवढं पुरे आहे.

समुद्रात लांब पोहणारी आमच्या भागातली पहिली मुलगी म्हणून पिंपळे गुरवच्या चौकात माझा फ्लेक्स लागला होता. नगरसेवकाचा फोटो माझ्यापेक्षा मोठा, ते सोडा. पण माझ्याआधी ज्योती होती. चिखलीत लेथ चालवणाऱ्याची पोरगी. माझाच जुना कॉस्च्युम घालायची — आणि मलाच मागे टाकायची! मी तिचा द्वेष करायचे. मत्सर वगैरे गोड शब्द नकोत. द्वेषच.

तिच्या पहिल्या मोठ्या पोहण्याच्या दिवशी मी सोबतच्या होडीत होते, तिला ग्लुकोजचं पाणी द्यायला. सर आम्हाला नेहमी बजावायचे, गारठ्याने डोकं बधिर झालं की पोहणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही. म्हणून होडीतल्याने अधूनमधून साधे प्रश्न विचारायचे. पाण्यातल्याने होडीतल्यावर विश्वास ठेवायचा — उत्तर चुकलंय म्हटलं की चुकलंय, वाद घालायचा नाही, बाहेर यायचं. आणि होडीला एकदा हात लागला की पोहणं तिथेच बाद.

किनाऱ्यावरची माणसं दिसायला लागली होती. सर आणि निरीक्षक पुढे नावाड्याशी बोलत होते. मी वाकून विचारलं, "आईचं नाव काय?"

"कमल," ती म्हणाली. स्वच्छ, खणखणीत.

मी — कसं सांगू? — मी म्हणाले, "अगं, भलतंच काय बोलतेयस? नीट सांग."

"कमल! कमलच म्हणले ना मी?"

"नाही गं. परत चुकलीस."

तिच्या डोळ्यांत भीती उतरली, ती मी बघत राहिले. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? तिचा स्वतःच्या जिभेवरचा विश्वासच उडाला, आणि रडत रडत तिने होडीला हात लावला. सरांना मी सांगितलं, बरळत होती. त्यांनी माझी पाठ थोपटली.

ती पुन्हा समुद्रात उतरली नाही. पुढच्या हंगामात मी उतरले, पोहोचले, हार घालून घेतले.

आता ती चाकणला एका कंपनीत शिफ्टला जाते. मी रावेतला जलतरण तलावावर शिकवते. गेल्या महिन्यात ती मुलीला घेऊन आली. माझ्यासमोरच पोरीला म्हणाली, "ह्या मावशीमुळं वाचले बघ मी. डोकं फिरलं होतं माझं, आईचं नावसुद्धा सांगता येईना. मावशी सांगंल तसंच करायचं. उलट बोलायचं न्हाई."

मी काय केलं? हसले. "असू दे गं," म्हणाले.

पोरीचे हात आईसारखेच लांब आहेत. पहिल्याच आठवड्यात माझ्या जुन्या मुलांना तिने मागे टाकलं. मी ज्योतीला बाजूला घेऊन सांगितलं — हिच्यात दम नाही, लांबचं पोहणं हिला जमायचं नाही.

ज्योतीने लगेच मान डोलावली.