स्तामेनचं शोकपत्रक

सिनेमात स्तामेन राल्चेव पहिल्या दहा मिनिटांतच मरायचा. कधी तलवारीनं, कधी घोड्यावरून पडून, कधी नुसताच म्हातारपणानं. पण मरायचा असा, की अंधारात माणसं रुमाल शोधायची. डॅन्यूबकाठच्या आपल्या गावातल्या रंगमंचावर मात्र त्यानं चाळीसेक वर्षं राजे, न्यायाधीश, कंजूष सासरे असं सगळं केलं. राजधानीतून, सोफियाहून बोलावणी आली, पण गेला नाही. तिथं मला रस्त्यात थांबवून शिव्या कोण देणार, म्हणायचा. खलनायक केला की बाजारातल्या बाया त्याच्या पिशवीत मुद्दाम सडके टोमॅटो घालत, आणि हा पठ्ठ्या ते मिरवत घरी आणायचा.

मग नाट्यगृहात दियान नावाचा तरुण संचालक आला. पोरगा वाईट नव्हता, घाईत होता. त्यानं स्तामेनची सगळी नाटकं गुंडाळली. एक एकपात्री तेवढं करू दे, म्हणून स्तामेन त्याच्याकडे खेटे घालत राहिला. शेवटी दियाननं गोड बोलून बोळवण केली, आता तुम्हाला बघायला कोण येणार, काका? हे स्तामेनच्या जिव्हारी लागलं, कारण उत्तर त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्या वसंतात सिनेमावाले गावात आले. स्तामेनला काम नेहमीचंच, मेलेल्या बापाचं. माणूस गेला की फोटोसकट शोकपत्रक दारावर, खांबांवर, बसथांब्यावर लागतं. तशी त्यांनी स्तामेनच्या फोटोची छापून चौकभर चिकटवली. काम आटोपल्यावर मंडळी सामान घेऊन गेली, पत्रकं राहिली. त्यावर नाव सिनेमातल्या बापाचं होतं. पण आमच्याकडे शोकपत्रकावरचं नाव वाचतो कोण? ओळखीचा चेहरा दिसला की फुलं घ्यायला पळायचं.

दुसऱ्या सकाळी पहिली आली भाजीवाली पेन्का, हातात कार्नेशनची चार फुलं, डोळे सुजलेले. दार स्तामेननंच उघडलं. तिनं चौकट धरली, त्याच्या दंडाला चिमटा काढून पाहिला आणि शिव्यांची लाखोली वाहिली. मग जुडीतलं एक फूल स्वतःकडे ठेवून उरलेली तीन त्याच्या हातात कोंबली. सम फुलं मेलेल्याची, विषम जित्याची.

"तू तो दारुड्या बाप केलास ना, त्यानंतर आमच्या ह्यांनी बाटलीला हात लावला नाही," ती म्हणाली. "तुला सांगायचं राहूनच गेलं म्हणून रात्रभर रडले रे मेल्या."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्तामेनला पुढचं वाक्य सुचेना.

दुपारपर्यंत अंगण भरलं. त्याची बायको एलका येईल त्याच्या जुडीतलं एकेक फूल काढून बादलीत टाकत होती आणि पेल्यांत राकिया, फळांची घरगुती दारू, ओतत होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्या स्तामेनची मेल्यावरही गेली नाही. दर नव्या माणसापुढे तो दारात रंगमंचावर असल्यासारखा, उजेडाकडे तोंड करून उभा राहायचा.

तेवढ्यात काळा कोट घातलेला दियान खाली मान घालून आत आला. एका हातात पांढरे गुलाब, दुसऱ्या हातात भाषणाचा कागद. वर बघितलं आणि तो जागीच थिजला. अंगणात हशा पिकला. स्तामेन मात्र हसला नाही.

"लिहून आणलंयस ना? वाच."

"काका, लाजवू नका."

"एवढी माणसं उभी आहेत. वाच."

दियाननं वाचायला सुरुवात केली. आपल्या रंगभूमीचा आधार गेला, असा नट पुन्हा होणे नाही, वगैरे वगैरे. वाचता वाचता त्याचा आवाज खाली आला.

"त्यांना आणखी एकदा रंगमंचावर बघता आलं असतं, तर हे अख्खं गाव..." तो थांबला.

"पुढं?"

"पुढं काही लिहिलेलं नाही, काका."

"मग लिही," स्तामेन म्हणाला. "प्रयोगाची तारीख लिही. आणि मोठ्यानं वाच."