खालच्या आळीच्या बंद तोट्या

हे मी लिहावं का, याची माझी मलाच खात्री नाही. मी अजून इंजिनिअर झालेलो नाही, सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. ज्यांनी पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य काढलं त्यांनी अनुभव सांगावेत. माझ्याकडे एकच आहे, आणि तोही चुकीचा. लहान तोंडी मोठा घास वाटला तर माफ करा.

पाण्याचा दाब मोजणाऱ्या गेजचा काटा खुणेच्या वर गेला, तेव्हा कौसल्याबाईंनी नळाला हळदकुंकू वाहिलं. नंतर त्या नळाचा पहिला पेला त्यांनी मला दिला. दुसरा आत नेऊन विष्णूला दिला.

हे गाव सोनाळ्याहून एस.टी.ने खाली उतरलं की लागतं. खारपाणपट्टा आहे, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारट. गाव दोन भागांत आहे. खालची आळी मोठी. वरची वस्ती टेकाडावर, मोजकी घरं. तिथल्या हातपंपाच्या पाण्यात डाळ शिजत नाही. विष्णू हा कौसल्याबाईंचा मुलगा, वय पस्तिशीच्या आत, किडन्या निकामी होत चाललेल्या. कारण अकोल्याच्या डॉक्टरांनाही ठाम सांगता आलं नव्हतं, पण खारं पाणी बंद करा, एवढं त्यांनी बजावलं होतं. त्यामुळे कौसल्याबाई रोज खालच्या आळीतल्या नळावरून गोड्या पाण्याचे दोन हंडे चढवायच्या. गुडघे धरले की त्या दिवशी हातपंप.

मी सुट्टीत एका कन्सल्टंटकडे इंटर्नशिप करत होतो. गावाला धरणाचं पाणी आलं होतं, टाकी बांधून झाली होती, घरोघर नळ बसले होते. एकच प्रश्न उरला होता: टेकाडावर पाणी चढतं का? चढत नसेल तर तिथे बूस्टर, म्हणजे पाणी वर ढकलणारा जादा पंप, बसवायचा. त्यासाठी योजनेत निधी राखून ठेवला होता. चढत असेल तर तो निधी दुसऱ्या गावाला जाणार होता. हे ठरवणारी टेस्ट साधी असते. सगळ्या गावाचे नळ उघडे ठेवायचे आणि शेवटच्या, उंचावरच्या नळाला गेज लावून दाब बघायचा. खालचे नळ बंद असतील तर वर दाब मिळणारच. त्याला अर्थ नाही. म्हणून फॉर्ममध्ये एक ओळ असते: ‘चाचणीवेळी सर्व नळ चालू होते – हो / नाही.’

सकाळी देवळाच्या भोंग्यावरून काहीतरी सांगितलं गेलं. वॉलमन, म्हणजे टाकीचं पाणी सोडणारा माणूस, महादेवभाऊ बोलत होता. ‘वरती पाहुणे’ एवढेच शब्द माझ्या कानावर आले. मी टाकीपाशी गेजला टेप गुंडाळत होतो. मग त्याच्याच मोटरसायकलवरून वर गेलो. खालच्या आळीतून चालत जायला हवं होतं. गेलो नाही. काटा वर गेला, मी फोटो काढला, ‘हो’वर टिक केली आणि सही केली. माझे वडील देऊळगाव राजाला भाजी विकतात. कामाच्या कागदावर आमच्या घरातली ती पहिली सही होती. तिचाही फोटो मी घरी पाठवला.

दोन महिन्यांनी सेमिस्टरची मधली परीक्षा संपवून राहिलेले कागद न्यायला मी गावात गेलो. चढावर कौसल्याबाई दिसल्या. डोक्यावर हंडा, कमरेवर हंडा.

मी विचारलं, “मावशी, नळाला पाणी नाही आलं का आज?”

“आलं होतं ना बापा. तुमी आले होते त्या दिवशी आलं होतं,” त्या म्हणाल्या, आणि थांबल्या नाहीत.

महादेवभाऊला गाठलं. त्याला वाईट वाटलं ते मी विचारतोय याचंच. त्याने समजावून सांगितलं. त्यांच्या गावाची रीत आहे: कोणाच्या घरी लग्नकार्य असलं, पाहुणे आले, की त्या घरची पिंपं भरेस्तोवर बाकीचे तोट्या उघडत नाहीत. त्या दिवशी पाहुणा मी होतो.

“काटा खाली आला असता तर तुमच्या सायबानं तुमालेच बोललं असतं,” तो म्हणाला. “पहिलंच काम तुमचं. बायाइले म्हटलं, पोरगं गरिबाघरचं दिसते, लाज राखा त्याची. एकीनंबी तोटी उघडली नाई.”

“अहो, पण मग बूस्टर...”

“त्याचं आमाले कोणी सांगतलं काय?”

कोणीच सांगितलं नव्हतं. सांगणं माझं काम होतं. गेज घेऊन साहेब नळ पास-नापास करायला येतोय, असंच गावाला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी कन्सल्टंट सरांपुढे उभा राहिलो. आमचे सर फार बोलत नाहीत.

“खाली चालत गेला होतास?”

“नाही सर.”

“मग ‘हो’वर टिक कशी?”

सर ओरडले नाहीत. त्यांनी माझ्याकडून घडलं तसं लिहून घेतलं आणि फेरचाचणीचं पत्र जोडलं. पण राखलेला निधी दुसऱ्या गावाला मंजूर झाला होता, तिथे पाइपही उतरले होते. सर म्हणाले, “निधी पाण्यासारखा उताराला जातो. परत चढवायचा तर वेळ लागतो.”

वेळ लागला. फेरचाचणी झाली तेव्हा मी आळीतली एकेक तोटी स्वतः उघडली. वरच्या नळाने नुसती हवा सोडली. विष्णू खाटेवरून बघत होता. तो मला म्हणाला, “आता बरोबर झाली काय तुमची टेस्ट?” टोमणा होता की खरंच विचारत होता, कळलं नाही. मी हो म्हणालो. नवा प्रस्ताव गेला, त्यात त्रुटी निघाली, पुन्हा गेला. माझं सातवं सेमिस्टर संपलं. मी अधूनमधून महादेवभाऊला फोन करायचो, पुढे तेही लाजेने कमी केलं.

यातून शिकलो ते कोणत्याही पुस्तकात सापडेल. गेज शेवटच्या नळाला लावायचा असला तरी चालायला पहिल्या नळापासून सुरुवात करावी. आणि टेस्ट कशासाठी आहे, ते आधी गावाला सांगावं.

गेल्या आठवड्यात महादेवभाऊचाच फोन आला. पंप बसला होता, तपासायला नवीन साहेब येऊन गेले होते.

“चढलं पाणी,” तो म्हणाला. “सारी आळी चालू असून चढलं.”

तोट्या कोणी उघडल्या, म्हणून मी विचारलं.

“कौसल्या मावशीनं. मी भोंग्यावर काई बोलाच्या आंधीच खाली उतरली. घरोघर गेली. म्हणे, उघडा बायांनो, आज कोणाची लाज राखू नका.”

मग मी विष्णूचं विचारलं.

“त्याले जाऊन महिना झाला,” तो म्हणाला.