नागलीच्या पुस्तकाची नोंद

आमच्या जव्हारच्या घरात चारशेच्या वर पुस्तकं आहेत आणि वाचण्यासारखं एकही नाही. हे माझं नव्हे, बायकोचं म्हणणं. पाहुणा कपाटापुढे जाऊन उभा राहिला की ती स्वयंपाकघरातून सांगते, "उगाच काढू नका, आत काही नाही. सगळ्या याद्या आहेत."

खोटं नाही ते. मी जुन्या पुस्तकांविषयीची पुस्तकं जमवतो. जुनी पुस्तकं नव्हे. ती परवडत नाहीत, आणि आमच्या दमट हवेत टिकतही नाहीत. मराठी छपाई पाळण्यात होती तेव्हा निघालेल्या ग्रंथांना जाणकार दोलामुद्रितं म्हणतात. त्यांच्या सूच्या, ग्रंथालयांची छापील यादीपुस्तकं, जुनी पुस्तकं विकणाऱ्यांची पत्रकं, छापखान्यांचे इतिहास, आणि या सगळ्या सूच्यांची मिळून आणखी एक सूची, असा माझा संग्रह. कोणतं पुस्तक कुठे छापलं, किती पानांचं, शिळाछाप म्हणजे दगडावर लिहून छापलेलं की खिळ्यांचं, आता त्याची प्रत कुणाकडे आहे, हे मला झोपेतून उठवून विचारा. त्या पुस्तकात लिहिलंय काय, असं मात्र विचारू नका. बायको पंचायत समितीत कारकून होती. ती म्हणते, तिनेही आयुष्यभर न वाचलेले कागदच सांभाळले, पण तिला त्याचा पगार मिळायचा.

हा नाद कसा लागला असं कुणी विचारलं की मी अभ्यासाची आवड वगैरे सांगतो. खरं कारण एक नोंद आहे, चार ओळींची.

नोकरीच्या सुरुवातीला मी साखरशेतच्या शाळेवर होतो. तेव्हा पुण्याचे एक वयोवृद्ध सूचीकार जुन्या मराठी पुस्तकांची मोठी सूची करत होते. आपल्या भागात कुणाकडे जुनं पुस्तक असल्यास कळवावे, असा छापील तक्ता त्यांनी गावोगावच्या शिक्षकांना धाडला होता. तो माझ्याकडेही आला. पुण्याहून आलेलं, माझं नाव नीट लिहिलेलं आणि कसलाही खुलासा न मागणारं असं ते माझ्या आयुष्यातलं पहिलंच टपाल. मी हुरळून गेलो.

आता साखरशेतमध्ये पुस्तकं म्हणजे शाळेचीच. पण गावात एक म्हातारे शेतकरी होते. त्यांच्या ओटीवर बसलं की रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब कधी भाजायचा, नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप केवढं झालं की लावायचं, कुठल्या उताराला कुठलं बियाणं धरतं, हे इतकं नेमकं सांगायचे की एकदा मी विचारलं, "बाबा, हे शिकलात कुठे?"

"पुस्तकातलं हाय, गुरजी," ते म्हणाले.

मी कान टवकारले. कसलं पुस्तक? तर नागलीचं. अक्षरं कशी होती? तर ही एवढी मोठी. पानं किती? त्यांनी अंगठा आणि बोट यांच्यात थोडं अंतर ठेवून दाखवलं. दाखवता का म्हटलं, तर म्हणाले, "माळ्यावर असंल. शोधून ठेवतो."

ते शोधेपर्यंत मी थांबलो नाही. माझी बदली झाली होती आणि तक्ता परत पाठवायची मुदत संपत आली होती. शिवाय आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना रिकामा रकाना सोसवत नाही. रकाना रिकामा राहिला तर तक्ता वरून परत येतो, हे आमच्या अंगात भिनलेलं असतं. लावलेली झाडं, जगलेली झाडं, मेलेल्या झाडांची कारणं, सगळं आम्ही खुर्चीवरून न उठता भरू शकतो. मी पेन उघडलं. नुसतं 'नागलीचं पुस्तक' हे नाव बरं दिसेना, म्हणून 'नागलीच्या शेतीविषयी प्रश्नोत्तरे' असं केलं. जुन्या पुस्तकांची नावं साधारण अशीच असतात, एवढं मला ठाऊक होतं. अक्षरं मोठी, म्हणजे शिळाछाप. पृष्ठे बत्तीस. छापील पानं जोडीने येतात, एकतीस लिहिलं असतं तर तिथेच पकडला गेलो असतो. ग्रंथकर्ता, अज्ञात. अख्ख्या तक्त्यात तेवढाच रकाना प्रामाणिक होता. शेवटी विचारलं होतं, 'प्रत स्वतः पाहिली काय?' मी 'होय' लिहिलं.

दोनेक वर्षांनी सूची छापून आली. आत माझी नोंद, तिच्याखाली 'प्रत पाहणारे' म्हणून माझं नाव, आणि आभाराच्या पानावर पुन्हा, गावासकट. मी शाळेत पेढे वाटले. खोडाळ्याला माझी सासुरवाडी. तिथे बाजाराच्या दिवशी ते पान मी इतक्या जणांना दाखवलं की कोपऱ्यावर भज्यांच्या तेलाचा डाग पडला. तो अजून आहे.

मग दुसरी सूची मागवली, त्यांनी माझी नोंद घेतली की नाही ते बघायला. घेतली होती. तिसरीत तिच्यापुढे 'अत्यंत दुर्मिळ' असं लागलं. चौथीत 'एकच प्रत ज्ञात, जव्हार परिसरात' अशी भर पडली. पाचवीच्या संपादकांनी तर कमाल केली. 'पृष्ठे बत्तीस नसून छत्तीस आहेत' अशी त्यांनी दुरुस्ती केली. मी ती ओळ तीनतीनदा वाचली. म्हणजे या जगात माझ्याहून थोर माणसंही होती. सुरुवातीला मला या सगळ्याची गंमत वाटायची. पुढे भीती वाटायला लागली. तरी नवी सूची निघाली की मी ती मागवायचोच, आणि कपाट भरत गेलं. बायकोला सगळं ठाऊक होतं. पार्सल आलं की ती विचारायची, "यंदा तुमचं भूत कितव्या पानावर?"

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक फोन आला. वांगणीची मुलगी होती. पुढे मी तिथल्या शाळेवर होतो, तेव्हा ती पहिलीपासून चौथीपर्यंत माझ्याकडे होती. हंगामात आईबाप वीटभट्टीवर जायचे आणि ही आजीजवळ राहून एक दिवस न चुकवता शाळेत यायची. आता ती विद्यापीठात पीएच.डी. करत होती, शेतीवरच्या जुन्या मराठी पुस्तकांवर.

"गुरुजी, तुमच्या त्या नोंदीमुळेच मी हा विषय घेतला," ती म्हणाली. "आपल्या नागलीवर कुणीतरी तेव्हा पुस्तक छापलं होतं, हे वाचलं ना, तर दिवसभर एकटीच हसत होते. माझं तिसरं प्रकरण सगळं त्याच्यावरच आहे. रविवारी येते. दाखवाल ना?"

"ये की," मी म्हणालो.

बायको भाजी निवडत होती. "आता काय दाखवणार?" तिने विचारलं. मी म्हणालो, बघू. "तुम्ही बघू म्हणता तेव्हा मला धडकी भरते," ती म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

रविवारी मुलगी आली. माझं कपाट बघून तिला कोण आनंद झाला. आजवर माझ्या कपाटापुढे असं हरखून कुणी उभं राहिलं नव्हतं, आणि मला त्याचं सुख घेता येईना. दोनदा चहा झाला. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, "चहा पुरे, गुरुजी. पुस्तक?" मी म्हणालो, ते साखरशेतला आहे, चल. माणूस कोंडीत सापडला की कशावरही विश्वास ठेवतो. मला खरंच वाटायला लागलं होतं की म्हाताऱ्याच्या माळ्यावर ते असेलच. बत्तीस पानांचं नसलं तरी चालेल, फक्त असावं.

म्हातारे कधीच वारले होते. त्यांची सून, आता तीही म्हातारी, खळ्यात नागली पाखडत होती. तिने मला ओळखलं. मी पुस्तकाचं विचारलं तसं सूप खाली ठेवून ती हसायला लागली.

"सासऱ्याचं पुस्तक? गुरजी, त्याला अक्षर येत नव्हतं." मग म्हणाली, "पन वाचायचा मातर. बाजारातून गुळाला गुंडाळलेला कागद यायचा, तो धरायचा तोंडाम्होरं आन वाचायचा. नुसतं सांगितलं तर पोरं आयकत नव्हती. कागद धरला का गप बसत."

"मग मला पुस्तकातलं आहे म्हणाले ते?"

"तुमी तर गुरजी. नुसतं सांगितलं असतं तर तुमी तरी आयकलं असतं का?"

मुलगी तिच्याबरोबर मनापासून हसली. मग म्हणाली, "पण पुस्तक वेगळं असेल, मावशी. ते गुरुजींनी स्वतः पाहिलंय." आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, चल, उशीर होतोय.

स्कूटरवर कबुली द्यायची एक सोय असते. ऐकणाऱ्याचं तोंड बघावं लागत नाही. एका वळणावर मी म्हणून टाकलं, "मी ते पुस्तक पाहिलेलं नाही."

"काय?" वाऱ्यामुळे तिला ऐकू आलं नव्हतं. मला पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. समोरून येणाऱ्या जीपवाल्यानेही ते ऐकलं असावं.

"थांबवा, गुरुजी."

मी थांबवली. ती उतरून समोर आली. "पाहिलं नाही, की नाहीच?"

"नाहीच."

"आणि ती छत्तीस पानं?"

"ती माझी नाहीत. माझी बत्तीस."

एरवी कुणीही हसलं असतं. ती हसली नाही. "मी प्रबंधाच्या आराखड्यात लिहून दिलंय, प्रत पाहिली म्हणून," ती म्हणाली. "माझ्या गाइड मॅडमनी तोंडी विचारलं तेव्हाही मी हो म्हणाले. वाटलं, गुरुजींनी पाहिलंय म्हणजे आहेच. सुट्टीत जाऊन बघून येऊ."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. तक्ता भरताना पुण्याचे सूचीकार माझ्यापासून लांब होते, म्हणून सगळं सोपं गेलं होतं. ही माझ्या हाताखाली बाराखडी गिरवलेली मुलगी होती, आणि माझं ते 'होय' तिने जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं.

घरी आल्यावर तिच्या मार्गदर्शक मॅडमना पत्र लिहायचं ठरलं. मी लिहिलं, 'सदर नोंद ऐकीव माहितीवर आधारित असल्याने तीत काही त्रुटी राहून गेली असावी.' तिने ते वाचलं.

"'असावी' काढा, गुरुजी. आणि काही त्रुटी म्हणजे कुठली?"

दुसऱ्या खेपेला मी सूचीकारांनी घातलेल्या मुदतीचा, बदलीचा आणि त्या काळातल्या रस्त्यांचा उल्लेख केला. तिने नुसता कागद परत दिला. बायको म्हणाली, "अहो, किती पाल्हाळ लावाल? पाहिलं नव्हतं, पाहिलं म्हणालात. तेवढंच लिहा ना."

तेवढंच लिहिलं. हे पुस्तक अस्तित्वात नाही, मी ते पाहिल्याचं लिहिलं ते खोटं होतं. एवढं लिहायला मला पाऊण तास लागला. शेवटी मी आपणहून एक ओळ घातली की यात या मुलीचा काही दोष नाही. तिने तीही काढायला लावली. "माझा दोष आहे तेवढा मी सांगेन," ती म्हणाली. मग बायकोने वाढलेलं जेवली आणि शेवटच्या एसटीने गेली.

मॅडमनी पीएच.डी.तून तिचं नाव काढून टाकलं नाही. पण तिसरं प्रकरण गेलं, आराखडा नव्याने द्यावा लागला, आणि प्रबंधातल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत स्वतः बघून, कुठे बघितली ते लिहायचं, अशी अट पडली. तिचं निदान सहा महिन्यांचं काम माझ्यामुळे वाढलं. मी फोन करायचो, ती उचलायची नाही. त्या दिवसांत मी एकही सूची उघडली नाही. बायकोनेही भुताचं नाव काढलं नाही, ते मला जास्त लागलं.

होळीनंतरच्या एका रविवारी मुलगी न सांगताच दारात उभी राहिली. कोणतं पुस्तक कुठल्या ग्रंथालयात आहे हे शोधायला सूच्या लागतात, आणि त्या माझ्याकडे होत्या. राग गेला का, असं विचारायचं धाडस मला झालं नाही. ती जमिनीवर बसली, भोवती माझ्या सूच्या मांडल्या आणि आपली यादी काढून एकेक नाव वाचायला लागली. प्रत्येक नावाला विचारायची, "गुरुजी, हे पाहिलंय?"

"नाही."

"हे?"

"नाही."

पानामागून पान उलटत गेलं. या प्रत्येक पुस्तकाचा आकार मला पाठ होता, आणि हात एकालाही लागलेला नव्हता. बायको दारात उभी राहून ऐकत होती.

मग एक नाव आलं, आंब्याच्या कलमांवरच्या एका छोट्या पुस्तकाचं. "हो," मी म्हणालो. आणि ते मी खरंच पाहिलं होतं. नाशिकला, एका जुन्या पुस्तकवाल्याच्या दुकानात, उभ्याउभ्या, तासभर. पहिली दोन पानं कसरीने खाल्लेली होती. मागच्या पुठ्ठ्यावर कुणीतरी जांभळ्या शाईने घोडा काढला होता. मधल्या एका पानावर कलम बांधायची आकृती होती आणि तिच्यातल्या माणसाला सहा बोटं होती. दुकानदार म्हणाला होता, हे विकायचं नाही, पण बघा हवं तितकं. मी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं. हे सगळं मी तिला सांगितलं, काही न लपवता, काही न वाढवता.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माझ्या तोंडाकडे थोडा वेळ बघितलं. मग यादीतल्या त्या नावापुढे पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं.

"नाशिकला जाऊन बघते, गुरुजी," ती म्हणाली, आणि तिने पुढचं नाव वाचलं.